एक्केचाळीस वेळा ठीक

मंगळवार, ३ तारीख

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. टेलरकाकांनाही, कारण हे पत्र तुमच्या कानांवर पडण्याआधी त्यांच्या डोळ्यांखालून जाणार. टेलरकाका, तोंडातल्या टाचण्या आधी काढून ठेवा. आणि जे लिहिलंय तेवढंच वाचा. मागच्या पत्रात 'मी रोज दूध पिते' असं तुम्ही आपल्या मनाचं घुसडलंत. आई फोनवर कौतुक करायला लागली तेव्हा मला कळलं. मी दूध पीत नाही.

मी बरी आहे. खोलीतला नळ दुरुस्त झाला. तुम्ही रंगवलेली हिरवी भिंत अजून तशीच आहे, फक्त खिडकीपाशी थोडी फुगली आहे.

आता एक दुरुस्ती. उगाच नाही तुम्ही मला लहानपणापासून मास्तरीण म्हणत. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या खेळाचा शेवट, मफलर म्हणतात त्या आमच्या सहकाऱ्याच्या चुकीमुळे बिघडला. ऑफिसात सगळे तसंच समजतात, म्हणून मीही तसंच लिहिलं. पण ते खरं नाही, आणि लिहितानाही मला ते माहीत होतं. ते पत्र पत्र्याच्या पेटीत असेल. टेलरकाका, त्या वाक्यावर रेघ मारा. खडूने नको, पेनने.

फोनवर हे सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही दोनदा 'बरं बरं' म्हणता आणि फोन आईकडे देता. पत्र तुम्ही पूर्ण ऐकता. म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचा खेळ म्हणजे पडद्यावरची एक गोष्ट, पण त्यातला माणूस खेळणाऱ्याच्या बोटांवर चालतो. आमच्या खेळात एक म्हातारा नावाडी आहे. तो आयुष्यभर लोकांना या काठावरून त्या काठावर सोडतो आणि त्यांच्या भानगडी ऐकतो. खेळायला वीस-बावीस तास लागतात. शेवटी तो होडी बांधतो, चढण चढतो आणि स्वतःच्या घरापाशी येतो. तिथे त्याने कडीला हात लावायचा, दार उघडायचं, आतला उजेड त्याच्या अंगावर पडायचा आणि खेळ संपायचा. असं आमच्या कप्तानने लिहिलं होतं. कप्तान म्हणजे आमचा मुख्य. आम्ही सगळे मिळून अकरा जण आहोत, तरी त्याला कप्तान म्हणतात.

खेळ विक्रीला आला तेव्हा नावाडी दारापाशी आला आणि पायरीवर बसला. वल्हं मांडीवर आडवं घेतलं. दार बंद. खेळ खलास.

बाबा, त्यानंतर जे सुरू झालंय ते ऐकून तुम्हाला हसू येईल. खेळणाऱ्यांचे दोन तट पडलेत. 'दारवाले' म्हणतात आमची फसवणूक झाली, दार उघडून द्या. 'पायरीवाले' म्हणतात इतका सुंदर शेवट आजवर झाला नाही, हात लावाल तर खबरदार. आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या परीने अर्थ लावताहेत. रोज सकाळी ते सगळं वाचून काढायचं हे सध्या माझं काम आहे, आणि खरं सांगते, इतक्या आनंदाचं काम मी आजवर केलेलं नाही.

एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी तासाभराचा व्हिडिओ करून सिद्ध केलंय की नावाडी पहिल्याच भागात बुडून मेला आणि पुढचा सगळा प्रवास त्याचा आत्मा करतो. पुरावा काय, तर शेवटी पायरीवर त्याची सावली पडत नाही. सावली पडत नाही कारण सावल्यांमुळे संगणक अडखळायचा, म्हणून मफलरने शेवटच्या दिवशी त्या काढून टाकल्या. एका बाईंचं म्हणणं, त्याची किल्ली तिसऱ्या भागात नदीत पडली. आता शे-दोनशे माणसं आमची अख्खी नदी बुडी मारून मारून धुंडाळताहेत. किल्ली नाही मिळाली, पण आमच्या चित्रकाराने गंमत म्हणून तळाशी टाकलेली चप्पल सापडली. त्या चपलेवर आता वेगळी मंडळी वाद घालतात. एक आजोबा लिहितात, 'घर त्याचं नाहीच. म्हातारपणी मलाही गल्ल्या सारख्याच दिसतात.' त्यांना सत्तर जणांनी धीर दिला. आणि दोन बहिणी, सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या एक दारवाली आणि एक पायरीवाली निघाल्या. आता रोज तावातावाने भांडतात. थोरली लिहिते, 'निदान भांडायला तरी फोन करते भवानी.'

हे सगळं कशातून उभं राहिलं, तर माझ्या एका शब्दातून.

माझं काम खेळ तपासायचं. भिंतीवर शेवटचा हात मारून झाला की तुम्ही तळवा फिरवून बघता ना, कुठे खरखर राहिली का, तसं. माझ्याकडे यादी असते. शेवटच्या ओळीत होतं: 'नावाडी घरी पोहोचतो का?' मी तो प्रसंग एक्केचाळीस वेळा खेळले. एक्केचाळीस वेळा तो पायरीवर बसला. एक्केचाळीस वेळा मी पुढे लिहिलं, 'ठीक'.

सगळ्यांना वाटतं, मी तपासल्यानंतर, शेवटच्या दिवशी सावल्या काढण्याच्या घाईत मफलरच्या हातून ती पायरी दारात आली. मफलर आमच्याकडे कोड लिहितो, म्हणजे संगणकाने काय करायचं ते संगणकाच्या भाषेत लिहून देतो. ऑफिसातल्या गारठ्यामुळे बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून हे नाव. आमच्या खेळात पायरीजवळ थांबलेला माणूस आपोआप बसतो. मफलर म्हणतो, 'घाईत मीच चिकटवली असेन, मला आठवत नाही.' त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली. कप्तानने त्याला पुढच्या खेळातून काढलं. आता तो कोपऱ्यातल्या टेबलावर जुन्या खेळांची डागडुजी करत बसतो. पायरी पहिल्यापासून तिथे होती, हे फक्त मला माहीत आहे. मी गप्प बसले. उद्या दोन आठवडे होतील.

मला ती चूक दिसली कशी नाही? दार उघडायला हवं, हे माझ्या यादीत नव्हतं, पण ही सबब नाही. गेले दहा दिवस मी याच प्रश्नावर अडकले आहे, आणि उत्तर लिहायला जरा अवघड जातंय.

मला ती चूक वाटलीच नाही, बाबा. आपल्या घरी तुम्ही कधी दाराला हात लावलात? कामावरून यायचात, हात कोपरापर्यंत रंगाचे. पायरीवर बसायचात, एकदा खाकरायचात, आणि आतून कुणीतरी दार उघडायचं. बहुतेक वेळा मीच. पुस्तक तसंच पालथं टाकून यायचे. घरी आलेला माणूस पायरीवर बसतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की नावाडी बसला तेव्हा मला वाटलं, चला, पोहोचला. शाळेत मला पुष्कळ काही शिकवलं, पण बाकीच्या लोकांचे बाप सरळ कडी काढून आत जातात हे कुणी सांगितलं नाही.

इथे पत्र संपवणार होते. पण एक अर्थ राहिला.

शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी लिहिलंय की शेवटच्या प्रसंगात खिडकीचा पडदा एकदा हलतो. त्या म्हणतात, आत कुणीतरी आहे. तो आलाय हे तिला दिसलंय. ती दार उघडत नाही. त्याखाली शेकडो लोकांनी 'ती' कोण यावर खल केलाय. आमचा पडदा वाऱ्याने हलतो, सगळ्या घरांचे हलतात. पण ते वाचून मी खुर्चीतून उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.

दोन वर्षांपूर्वी, मला ऑफिसात लागून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, तुम्ही न सांगता आला होतात. माझ्या खोलीची ओल आलेली भिंत रंगवायची म्हणून हिरव्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. ऑफिसच्या पायरीवर बसला होतात. घंटी दाबली नव्हतीत. मी खिडकीचा पडदा सारून तुम्हाला वरून पाहिलं. मग आमच्या हिशेबनीस बाई म्हणाल्या, 'खाली कुणी रंगारी बसलाय. कुणी बोलावलाय का?' कप्तान म्हणाला, 'आपण नाही बोलावला.' सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मीही पाहिलं. पडदा सोडून दिला आणि काम करत राहिले. सगळे मागच्या खोलीत डबे खायला गेले तेव्हा खाली आले. तुम्ही म्हणालात, 'आत्ताच टेकलो बघ.' तुम्ही तीन तास बसला होतात.

आतून दार कुणी उघडायचं हे त्या इमारतीत एकट्या मलाच ठाऊक होतं.

टेलरकाका, हे वाचून झाल्यावर बाबांकडे लगेच बघू नका. थोडा वेळ मशीन चालवा.

वीस तारखेला आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून निवडलेले पंचवीस खेळाडू येणार आहेत. कप्तान त्यांना सांगणार की शेवट म्हणजे आमच्या एका माणसाची चूक होती, आणि नव्या आवृत्तीत दार उघडेल. ती चूक कुणाची हे त्याआधी मला सांगायला हवं. माझी नोकरी राहील की नाही माहीत नाही. हे पत्र टाकते आणि मग विचार करते, म्हणजे निदान एका जागी तरी मी खरं बोललेली असेन.

आईला सांगा, स्वेटर बसला.

तुमची,
मास्तरीण


रविवार, १५ तारीख

प्रिय बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. टेलरकाकांच्या अक्षरातलं, मागच्या बाजूला कुणाच्या तरी पॅंटची मापं असलेलं. मी ते जिन्यात वाचलं, मग खोलीत, मग ऑफिसात. आता पाठ आहे. तुम्ही सांगितलं तेच टेलरकाकांनी लिहिलंय की नाही याची खात्री व्हावी म्हणून काही ओळी परत लिहिते. चुकलं असेल तर कळवा.

'मास्तरीणबाई, पत्र दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा वाचताना टेलर नाक शिंकरत होता. (सर्दी आहे. टेलर.) तुझा आकडा चुकला. मी पावणेअकराला आलो, तू एकला उतरलीस. सव्वादोन तास होतात. त्यातला अर्धा तास मी झोपलो होतो, तो धरू नको. उरलेल्या वेळात समोरची भिंत बघितली. कुणी रंगवलीय ती? खाली अस्तरच मारलेलं नाही.'

बाबा, मी ती भिंत जाऊन पाहिली. खरंच पोपडे निघालेत. दोन वर्षं मी त्या रस्त्याने जाते.

'तो नावाडी दार का उघडत नाही यावर एवढी शिकलेली माणसं भांडतात? दिवसभर वल्हं मारून आलाय. हात ओले, चिखलाचे. आतलं कुणीतरी उघडेल की. यात डॉक्टरला काय कळायचं? आणि दाराला रंग कोणता दिलाय ते तू लिहिलंच नाहीस.'

निळा दिलाय. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे.

आणि मग ही ओळ. ही मी पाठ म्हणू शकत नाही, कागद बघून उतरवते आहे.

'पडदा हलला तो मी बघितला होता. हात करणार होतो. मग वाटलं, हिचे हात कामात भरले असतील. हात भरलेला माणूस दाराला हात लावत नाही. उघडेल सावकाश. तसं उघडलंसच की.'

बाबा, माझे हात भरलेले नव्हते. हे तुम्हालाही ठाऊक असणार. तरी मी तुमची ही ओळ खोडणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक दुरुस्ती सोडून देते आहे.

त्याच्या खालची ओळ मात्र मी त्याच दिवशी अमलात आणायला घेतली. 'त्या मफलरचं आधी बघ. आपला ओघळ दुसऱ्याच्या भिंतीवर गेला तर ओला असतानाच पुसून घे. सुकला की खरवडत बसशील.'

शुक्रवारी मी त्याच्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले. आधी पाणी पिऊन आले, मग परत पाणी पिऊन आले.

तो म्हणाला, 'तहान लागलीय की काही बोलायचंय?'

मी सगळं सांगितलं. यादी दाखवली. त्याने एक्केचाळीस 'ठीक' बोट ठेवून मोजले. मग गळ्यातला मफलर सोडला. दोन वर्षांत मी त्याची मान पहिल्यांदा पाहिली.

'म्हणजे पायरी पहिल्यापासून होती,' तो म्हणाला.

'होती.'

'मी तीन आठवडे झोपताना तो दिवस आठवतोय. बायकोला वाटतंय मला भुताने झपाटलंय.'

'मी माफी मागते.'

'माग. पण एक सांग, एक्केचाळीस वेळा तुला एकदाही वाटलं नाही की हा गडी आत का जात नाही?'

मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. रंगाचे हात, पायरी, खाकरणं. पडद्याचंही सांगितलं. मला वाटलं आता चिडणार, आणि चिडला असता तर बरं झालं असतं. मग त्याने विचारलं, 'मग दार उघडायचं कोण?'

'आतलं माणूस.'

'आतून?'

'आतून.'

त्याने खुर्ची ओढली आणि मला म्हणाला, बस. बाबा, हजारो लोकांनी या दारावर डोकं फोडलं. कुणी म्हणालं किल्ली, कुणी म्हणालं मरण. दार आतून उघडू शकतं हे एकालाही सुचलं नाही. दारवाल्यांना नाही, पायरीवाल्यांनाही नाही.

काल शनिवार असूनही आम्ही दोघं ऑफिसात आलो. आता असं केलंय: नावाडी येतो, पायरीवर बसतो, वल्हं मांडीवर घेतो. खेळणाऱ्याने घाईघाईने बटणं दाबली तर काही होत नाही. पण हात बाजूला ठेवून तो नुसता म्हाताऱ्यासोबत बसून राहिला, तर नावाडी एकदा खाकरतो. आणि दार आतून उघडतं. किती वेळाने, यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं सव्वादोन तास. मफलर म्हणाला, 'तेवढ्या वेळात लोक म्हातारे होऊन मरतील.' शेवटी सव्वादोन मिनिटांवर आलो. त्याने खाकरण्यासाठी स्वतःचा आवाज दिला. मी नापास केला. पंधरा वेळा खाकरला बिचारा, बायकोचा फोन आला तेव्हा तिला वाटलं आजारी पडला. सोळाव्या वेळी मी यादीत 'ठीक' लिहिलं. या वेळी मफलरने शेजारी सही केली.

कप्तानला अजून माहीत नाही. तो बाहेरगावी आहे आणि शुक्रवारी सकाळी थेट ऑफिसात येणार आहे. मफलर म्हणाला, 'फोनवर सांगून टाक, सुटशील.' पण कप्तानही फोनवर 'बरं बरं' म्हणतो. शिवाय मफलरची माफी सगळ्यांसमोर झाली होती, तर माझीही सगळ्यांसमोर व्हायला हवी. खेळाडू बारा वाजता येतील. मी अकरा वाजता, उरलेल्या दहाच्या दहा जणांसमोर सांगणार आहे. पायरी कधीपासून होती, ठीक कुणी लिहिलं, आणि मफलरला पुढच्या खेळात परत घ्या. मग नवा शेवट दाखवीन. कप्तानला तो आवडला नाही, किंवा मीच नको वाटले, तरी पहिल्या तीन गोष्टी सांगून झालेल्या असतील.

भीती वाटते आहे. सकाळपासून तीन वेळा यादी लिहिली आणि तीन वेळा फाडली. पण बाबा, एवढं असूनही मी मधेच हसते आहे, हे असं मला पूर्वी कधी झालेलं नाही. आज सकाळी घरमालकीणबाईंनी विचारलं, 'लग्नबिग्न ठरलं का?'

आता तुम्हाला एक काम आहे. या पत्राबरोबर गाडीचं तिकीट आहे, सकाळी सहाचं. टेलरकाका, वेळ नीट वाचून दाखवा आणि बाबांच्या सदऱ्याला इस्त्री करू नका, ते मागे लागले तरी. माझ्या भिंतीचा फुगवटा खरवडायला हवाय, म्हणून डबा आणि ब्रश घेऊन या. कामाचेच कपडे घाला. हात कसेही असू देत.

तीच इमारत, तीच पायरी. तुम्ही बसायच्या आत मी दारात असेन. आणि हिशेबनीस बाईंनी विचारलं की हा रंगारी कुणी बोलावला, तर उत्तर माझ्याकडे दोन वर्षांपासून तयार आहे. त्यानंतर वर चला आणि मी बोलेन तेव्हा मागच्या खुर्चीवर बसा. मध्ये अडखळले तर एकदा खाकरा.

आईला नमस्कार सांगा.

दाराच्या आत उभी असलेली,
तुमची मास्तरीण

शुक्रवार, वीस तारीख, पावणेअकरा वाजता.